अल्पाकाची लोकर: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विणकामाच्या वर्गात, हळदी-कुंकवाला, मोबाइलवर, अल्पाकाचा विषय कुठेही निघाला तरी प्रश्न तेच येतात. कोणाच्या मुलीने ऑस्ट्रेलियातून स्वेटर धाडलेला असतो, कोणी ऑनलाइन 'अल्पाका शाल' स्वस्तात घेतलेली असते, कोणाला वावरात अल्पाका पाळायची जाहिरात आलेली असते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेले हे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. साधे प्रश्न आधी आहेत, अडचणीचे पुढे. एकाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. ताई, हाऊ अल्पाका मेंढी शे का उंट?

उंटाच्या कुळातला. पाठीवर मदार नाही, उंची माणसाच्या कमरेच्या आसपास, वजन साधारण पन्नास ते ऐंशी किलो. पायाला मेंढीसारखे खूर नसतात, उंटासारखी मऊ गादी असते. मूळ घर दक्षिण अमेरिकेतला अँडीज पर्वत. जगातले बहुतेक अल्पाका आजही पेरूत आहेत, त्याखालोखाल बोलिव्हियात. ते चरतात ती पठारं ३,५०० मीटरच्याही वर आहेत, आणि आपलं तोरणमाळ हजार मीटरच्या थोडंच वर आहे, यावरून त्या हवेचा अंदाज यावा. विकुन्या नावाच्या रानटी प्राण्यापासून तिथल्या माणसांनी सहा हजार वर्षांपूर्वीच अल्पाका माणसाळवला. दूध किंवा ओझ्यासाठी नव्हे, मुख्यतः लोकरीसाठी. संयुक्त राष्ट्रांनी २०२४ हे उंटवर्गीय प्राण्यांचं वर्ष म्हणून पाळलं, त्यात उंटाबरोबर अल्पाकाही होता.

२. मग लामा आणि अल्पाका एकच का?

नाही. लामा मोठा, ओझं वाहणारा. त्याचे कान केळासारखे आत वळलेले असतात, जळगावकरांना हे लगेच लक्षात राहील. अल्पाकाचे कान सरळ, टोकदार आणि तोंड आखूड. लामाच्या अंगावर मऊ केसांत राठ केस मिसळलेले असतात, म्हणून कपड्यासाठी अल्पाकाच सरस.

३. 'वाकाया' आणि 'सुरी' असं लेबलवर लिहिलेलं असतं. ते काय?

अल्पाकाचे दोन प्रकार. वाकायाची लोकर फुगीर, बारीक लाटांची. दहापैकी जवळजवळ नऊ अल्पाका याच प्रकारचे. सुरीची लोकर बटांसारखी खाली लोंबते, तिला रेशमासारखी चकाकी असते आणि लाटा जवळजवळ नसतात. स्वेटर, टोपी, मोजे यांना वाकाया. झुळझुळीत पडणारी शाल, स्टोल, कोटाचं कापड यांना सुरी. सुरी दुर्मीळ, म्हणून महाग.

४. मेंढीच्या लोकरीपेक्षा यात वेगळं काय आहे?

चार गोष्टी, आणि चारही हाताला कळतात.

पहिली, गुळगुळीतपणा. केसाच्या पृष्ठभागावर खवले असतात. मेंढीच्या लोकरीत ते उठावदार, अल्पाकात चपटे आणि पातळ. म्हणून तेवढ्याच जाडीचा अल्पाकाचा धागा हाताला जास्त मऊ आणि निसरडा लागतो.

दुसरी, तेल. मेंढीच्या लोकरीत लॅनोलिन नावाचा मेणकट पदार्थ भरपूर असतो. ओल्या घोंगडीला येणाऱ्या वासात त्याचा वाटा मोठा. अल्पाकात तो नगण्य असल्यामुळे धुलाई हलकी पुरते आणि कपड्याला तसा उग्र वास येत नाही.

तिसरी, केसाच्या गाभ्यातली हवा. अल्पाकाच्या अनेक केसांत मध्यभागी हवेच्या पोकळ्या असतात आणि त्यामुळे धागा वजनाला हलका होतो. मात्र 'प्रत्येक केस नळीसारखा पोकळ' ही जाहिरातदारांची भाषा. पोकळी जाड केसांत जास्त असते, सर्वांत बारीक केसांत फारच थोडी किंवा नाहीच.

चौथी, लवचीकपणा. इथे मेंढी जिंकते. मेंढीची लोकर ताणली की परत येते. अल्पाका ताणला की बराचसा तसाच राहतो. स्वेटर गुडघ्यापर्यंत लांबल्याच्या तक्रारी याच गुणामुळे येतात (प्रश्न १० आणि १४ पाहा).

रंगांचं एक वेगळेपण राहिलंच. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत, मधे बदामी, तपकिरी, राखाडी अशा नैसर्गिक छटा पेरूत बावीस मानतात. गिरण्यांना रंगवायला पांढरी लोकर सोपी जाते म्हणून कळपांत पांढरेच वाढत गेले आणि गडद रंगांचे अल्पाका कमी झाले, याचं मला मनापासून वाईट वाटतं. न रंगवलेली राखाडी अल्पाका शाल मिळाली तर सोडू नका.

५. आम्ही कापूसवाले. लोकरीचं 'मायक्रॉन' म्हणजे आमचं 'मायक्रोनेअर'च का?

नाही. आपल्याकडे हा गोंधळ होणारच, कारण मायक्रोनेअर जिनिंगवर रोज ऐकायला येतं.

मायक्रोनेअर मोजताना ठरावीक वजनाच्या रुईतून हवा सोडतात आणि ती किती सहज जाते ते पाहतात. त्या आकड्यात बारीकपणा आणि पक्वता दोन्ही मिसळलेली असतात. ३.५ ते ४.९ च्या दरम्यानचा कापूस सर्वसाधारणपणे चांगला धरतात. मायक्रॉन म्हणजे केसाची सरळ जाडी, मिलिमीटरचा हजारावा भाग. अल्पाकाचा केस १८ पासून ३० मायक्रॉनच्या वरपर्यंत जातो. मेरिनो जातीच्या मेंढीची चांगली लोकर १७ ते २२ च्या आसपास, पश्मिना १६ च्याही खाली, विकुन्या १२-१३. धुळे जिल्ह्यात ठेलारी आणि धनगर जी दख्खनी मेंढी पाळतात तिची लोकर ३० च्या बरीच वर, म्हणून घोंगडी टोचते.

लांबीचा फरकही समजून घ्या. आपल्या कापसाचा धागा साधारण ३० मिलिमीटर. वर्षातून एकदा कातरलेल्या अल्पाकाचा केस आठ ते बारा सेंटिमीटर. प्रश्न १७ मध्ये हा मुद्दा पुन्हा लागेल.

६. 'बेबी अल्पाका' म्हणजे पिलांची लोकर कापतात का?

नाही. हे प्रतीचं नाव आहे. पेरूच्या प्रतवारीत साधारण २३ मायक्रॉनच्या आतल्या लोकरीला 'बेबी' म्हणतात, त्यापुढे २६.५ पर्यंतच्या लोकरीला 'फ्लीस'. एकोणीस-वीसच्या आसपास किंवा खालची असेल तर व्यापारी 'रॉयल' म्हणतात. पहिल्या कातरणीची लोकर बहुधा सर्वांत बारीक असते, म्हणून हे नाव पडलं असावं. पण मोठ्या अल्पाकाची लोकर तेवढी बारीक निघाली तर तीही 'बेबी'च. प्रत लावण्याचं काम पेरूत अजूनही अनुभवी बायका हाताने करतात. एकाच प्राण्याच्या पाठीची, मानेची, पायांची लोकर वेगवेगळ्या ढिगांत जाते.

खरेदी करताना नुसतं 'अल्पाका' लिहिलेलं असेल तर प्रत विचारा. '१०० टक्के अल्पाका' जाडाभरडाही असू शकतो.

७. मला लोकर अंगाला टोचते. अल्पाका चालेल का? 'ॲलर्जी होत नाही' असं लिहिलेलं असतं.

टोचणं आणि ॲलर्जी या वेगळ्या गोष्टी. साधारण ३० मायक्रॉनच्या वरचा केस कातडीवर दाबला गेला की वाकत नाही, टोचतो. कपड्यात असे जाड केस शंभरात पाचाहून जास्त झाले की बऱ्याच जणांना खाज सुटते. म्हणजे 'बेबी' प्रतीची अल्पाका बहुतेकांना चालते, जाड प्रतीची कोणालाही टोचेल.

लॅनोलिनची खरी ॲलर्जी फार थोड्यांना असते. त्यांच्यासाठी अल्पाका बरा. पण इसब असेल, किंवा तान्ह्या बाळासाठी घेत असाल, तर लेबलावर विसंबू नका, त्वचेच्या डॉक्टरांना विचारा. साधी परीक्षा हवी असेल तर कपडा गळ्याशी, हनुवटीखाली पाच मिनिटं धरा. तळहाताला कळत नाही ते गळ्याला कळतं.

८. लोकरीपेक्षा सातपट उबदार असते, खरं का?

असले पट सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. ऊब धाग्यापेक्षा कपड्यात अडकलेल्या स्थिर हवेवर जास्त अवलंबून असते. विण किती जाड, किती घट्ट, वारा आत शिरतो का, यावर सगळा खेळ. अल्पाकाचं खरं मोल हे की तेवढीच ऊब कमी वजनात मिळते. सैल जाळीदार विणीची अल्पाका शाल मोटारसायकलवर वाऱ्यात काहीच उपयोगाची नाही. तीच घरात पहाटे अंगाभोवती लपेटली तर हलकी आणि गरम.

९. पण खान्देशात एवढ्या गरम लोकरीची गरज काय?

उन्हाळ्यात नाहीच. भुसावळच्या मे महिन्यात लोकरीचं नावही नको. पण डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा १० अंशांच्या खाली उतरतो, सातपुड्याच्या पायथ्याची गावं पहाटे गारठतात, आणि दुपारी बारा वाजता पुन्हा ऊन चटकतं. एवढ्या फरकाच्या हवेत जाड स्वेटर दुपारी हातात घेऊन फिरावा लागतो. पातळ शाल, स्टोल, कानटोपी, मोजे घडी करून पिशवीत बसतात. म्हणून माझा सल्ला असा: खान्देशात अल्पाका घ्यायचा तर लहान आणि पातळ वस्तूंत घ्या. म्हाताऱ्या माणसांना तर फारच छान, कारण खांद्यावर वजन येत नाही.

रात्रीच्या विजेवर गव्हाला, हरभऱ्याला पाणी भरायला जाणाऱ्यांसाठी मात्र अल्पाका नको. चिखल, काटे, ओल यांत तो टिकणार नाही. तिथे घोंगडी किंवा जाड मेंढीच्या लोकरीचा स्वेटरच योग्य. घोंगडीची घट्ट विण दव आणि वारा अडवते, आणि तिचे पैसे जवळच्या मेंढपाळाच्या घरात जातात.

१०. अल्पाकाचा गोळा आणलाय. नेहमीच्या लोकरीसारखाच विणू का?

नाही, थोडं बदलावं लागेल. अल्पाकाचा धागा ताणला की परत येत नाही (प्रश्न ४), म्हणून विण खाली ओढली जाते. लेबलावर सांगितलेल्या सुयांपेक्षा एक नंबर बारीक सुया घ्या. हातभर नव्हे पण निदान पंजाएवढा नमुना विणा, धुवा, वाळवा, वर चिमटे लावून रात्रभर लटकवा आणि मगच टाके मोजा. न धुतलेल्या नमुन्यावरून टाके मोजले तर अंगापेक्षा मोठा स्वेटर तयार होतो.

कफ आणि गळ्याची सुलट-उलट पट्टी शुद्ध अल्पाकात काही दिवसांत सैल पडते. त्यासाठी पाव ते तिसरा हिस्सा मेंढीची लोकर मिसळलेला धागा घ्या, किंवा पट्टीपुरता मेरिनोचा धागा सोबत चालवा. शालीला ही अडचण नाही. तिथे शुद्ध अल्पाकाच घ्या, त्याचं झुळझुळीत पडणंच तर हवं असतं. केबलची, म्हणजे वेणीसारख्या पिळाची, उठावदार नक्षी अल्पाकाच्या केसाळपणात बुडून जाते, त्यापेक्षा साधी विण किंवा जाळी शोभते.

११. ऑनलाइन स्वस्तात 'अल्पाका' शाल घेतली. खरी आहे का कसं ओळखू?

आधी लेबल उलटा. समोर मोठ्या अक्षरांत 'अल्पाका' आणि मागे बारीक अक्षरांत 'ॲक्रिलिक' असं सर्रास असतं. 'अल्पाका फील', 'अल्पाका टच' म्हणजे अल्पाका नाही. घटकांची टक्केवारीच नसेल तर वस्तू परत करा.

लेबल नसेल तर जळण्याची परीक्षा. कपड्याच्या आतल्या शिवणीतून दोन इंच धागा काढा, चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर ज्योतीला लावा, बाजूला पाणी ठेवा. अल्पाका किंवा कोणतीही जनावराची लोकर ज्योतीपासून आक्रसते, ज्योत काढली की विझू पाहते, केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. ॲक्रिलिक वितळतं, पेटत राहतं आणि कडक मणी बनतो. सुती धागा कागदासारखा जळतो. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा दिसतात.

या परीक्षेची मर्यादा ओळखून राहा. अल्पाका आणि मेंढीची लोकर दोन्ही सारखीच जळतात. त्यांच्यातला फरक सूक्ष्मदर्शकाखाली खवले पाहूनच कळतो. महागडी खरेदी असेल, वाद असेल, तर मुंबईच्या वस्त्रोद्योग समितीच्या किंवा ठाण्याच्या वूल रिसर्च असोसिएशनच्या प्रयोगशाळेत नमुना तपासून घेता येतो.

१२. धुवायची कशी? आमच्याकडे बोअरचं खारं पाणी येतं.

मशिनमध्ये नाही. अल्पाका मेंढीच्या लोकरीपेक्षा उशिरा आटतो, पण आटतो. गरम पाणी आणि घासाघीस एकत्र आली की कापड नमद्यासारखं घट्ट होतं.

बादलीत साधं थंड पाणी घ्या. कपडे धुण्याची पावडर नको, ती क्षारयुक्त असते आणि लोकरीचा केस खाते. लोकरीचं द्रवरूप साबण किंवा सौम्य शांपू थोडासा. रिठ्याचं पाणी उत्तम, आपल्या आज्या रेशमी आणि लोकरीच्या कपड्यांना तेच वापरत. फक्त पांढऱ्या शालीवर त्याची पिवळसर झाक येऊ शकते. दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, हलके दाबा, चोळू नका, पिळू नका.

खाऱ्या पाण्यात साबणाचा पांढरट थर धाग्यावर बसतो आणि कपडा राठ लागतो. म्हणून शेवटच्या पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर टाका, किंवा तेवढं शेवटचं पाणी पिण्याच्या गोड्या पाण्याचं घ्या. मग जाड टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवं पसरून वाळवा. ओला अल्पाका दोरीवर टाकला तर स्वतःच्या वजनानेच लांबतो. आपल्या कोरड्या हिवाळ्यात दुसऱ्या दिवशी वाळतो. ऊठसूट धुऊ नका, एरवी रात्रभर हवेवर टाकणं पुरतं.

१३. कसर लागते का? डांबरगोळ्या ठेवू का?

लागते. कसर केराटिन, म्हणजे केस ज्याचे बनतात ते प्रथिन, खाते आणि अल्पाका म्हणजे केराटिनच. घामाचे, तेलाचे, जेवणाचे डाग असलेल्या जागी आधी लागते, म्हणून होळीच्या सुमारास लोकरीचे कपडे ठेवताना आधी धुणं महत्त्वाचं. पूर्ण वाळवून, जुन्या धुतलेल्या सुती साडीत किंवा उशीच्या अभ्ऱ्यात गुंडाळून ठेवा. पावसाळ्यात एकदा काढून झटका, कसरीला उजेड आणि हालचाल आवडत नाही.

डांबरगोळ्यांचा वास लोकरीत महिनोन्‌महिने राहतो आणि लहान मुलांच्या हाती लागल्या तर त्या विषारी आहेत. मी त्या वापरत नाही. कडुलिंबाचा पाला ठेवायला हरकत नाही, पण आधीच आत असलेली अंडी त्याने मरत नाहीत. कसर दिसलीच तर कपडा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर डीप फ्रीजमध्ये ठेवा, मग झटकून धुवा.

१४. स्वेटर लांबला किंवा आटला तर पुन्हा पहिल्यासारखा होतो का?

लांबलेला बराचसा होतो. थंड पाण्यात भिजवा, टॉवेलात दाबा, मूळ मापाला हाताने जमवून आडवा वाळवा. पुढे हँगरला कधीही नको, घडीच. आटून घट्ट झालेला मात्र परत येत नाही. थोडासाच आटला असेल तर ओला असताना हळूहळू ओढून इंच-दोन इंच मिळतात. अगदीच घट्ट झाला असेल तर कापून चहादाणीचं आवरण किंवा मुलांच्या सपाता करा, अशा कापडाच्या कडा उसवत नाहीत.

१५. आम्ही जैन आहोत. लोकर काढताना प्राणी मारतात का?

लोकर काढायला मारत नाहीत. वर्षातून एकदा कातरतात, तेही पावसाळी उबदार दिवसांत, थंडीआधी केस थोडे वाढावेत म्हणून. पण दोन गोष्टी लपवणं योग्य नाही. अँडीजमध्ये अल्पाकाचं मांसही खातात, म्हातारे प्राणी कत्तलीला जातात. आणि कातरताना पाय ताणून बांधणं, घाईत जखमा होणं, असेही प्रकार उघडकीस आले आहेत. त्यानंतर २०२१ मध्ये प्राण्यांच्या वागणुकीसाठी 'रिस्पॉन्सिबल अल्पाका स्टँडर्ड' हे प्रमाणपत्र सुरू झालं. ते असलेला धागा मिळाला तर तो घ्या.

एक वस्तू मात्र नक्की टाळा. अल्पाकाचे मऊ केसाळ टेडी, गालिचे, सपाता पेरूतून भेट म्हणून येतात. त्या कातरलेल्या लोकरीच्या नसतात, मेलेल्या प्राण्याच्या केसाळ कातड्याच्या असतात. उलट बाजूला कातडं दिसलं की ओळखा.

१६. सोवळ्यात अल्पाकाची शाल चालेल का?

ज्या घरात धाबळी चालते त्या घरात लोकर म्हणून हीही चालावी, पण हा निर्णय घरच्या वडीलधाऱ्यांचा. शालीत सुती किंवा ॲक्रिलिक धागा मिसळलेला नाही ना, एवढं आधी पाहा (प्रश्न ११).

१७. शेतात अल्पाका पाळायची योजना आली आहे. 'केळीपेक्षा जास्त नफा' म्हणतात. करू का?

करू नका. हे मी हात जोडून सांगते, कारण इमूच्या आणि कडकनाथच्या योजनांत महाराष्ट्रातल्या किती घरांचे पैसे बुडाले ते आपण पाहिलं आहे.

आधी हवा. अल्पाकाच्या शरीराचं तापमान ३८ अंशांच्या आसपास. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सावलीतली हवाच त्याच्या वर जाते, तेही अंगावर लोकरीचा थर असताना. जनावराला उष्माघात होतो, नरांची प्रजननक्षमता घटते. पंखे, फवारे, गारवा असलेले गोठे लागतील, आणि नेमक्या त्याच महिन्यांत आपल्याकडे पाण्याची ओढ असते.

मग वाढ. मादी साडेअकरा महिने गाभण राहते आणि एका वेळी एकच पिलू देते, जुळं फारच क्वचित. शेळीसारखी पटापट वाढ होत नाही. 'तीन वर्षांत दहाचे पन्नास' असं कागदावर दाखवणारा खोटं बोलतो आहे.

मग बाजार. एका प्राण्याची वर्षाची लोकर साधारण दोन-तीन किलो, त्यातली बारीक प्रत त्याहून कमी. ती कातणार कोण? आपल्या भागातल्या सूतगिरण्या कापसाच्या, ३० मिलिमीटरच्या धाग्यासाठी लावलेल्या. आठ-दहा सेंटिमीटरचा निसरडा केस त्या यंत्रांवर चालत नाही. आपल्या बाजारात कापसाला भाव नसला तरी गिऱ्हाईक असतं, अल्पाकाच्या लोकरीला गिऱ्हाईकच नाही.

आणि कायदा. जिवंत जनावर परदेशातून आणायचं तर १८९८ च्या पशुधन आयात कायद्याखाली केंद्राची परवानगी, आरोग्य दाखले, विलगीकरण हे सगळं आलं. योजनावाल्याला हे कागद आधी दाखवायला सांगा. अल्पाका कळपात राहणारा प्राणी आहे, हौसेने एकटा आणून ठेवणं ही त्याच्यावर क्रूरता आहे. लोकरीत पैसे घालायचेच असतील तर साक्रीकडच्या मेंढपाळाची लोकर चांगल्या भावाने घेऊन तिच्या गाद्या, आसनं, गालिचे करता येतात. तिथे माणसं आहेत, मेंढ्या आहेत, कमी आहे ती फक्त भावाची.

१८. पणजोबांचा काळा 'अल्पाकाचा कोट' पेटीत सापडला. तो तर पातळ आहे, चकाकतो, उबदार नाही. मग अल्पाका कसा?

असू शकतो. १८३६ च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या टायटस सॉल्ट यांनी अल्पाकाचा धागा विणण्याची रीत बसवली आणि १८५३ मध्ये सॉल्टेअर इथे मोठी गिरणी उघडली. त्या कापडात उभे धागे सुताचे आणि आडवे अल्पाकाचे असत. त्यामुळे कापड पातळ, कडक, चकाकणारं आणि उकाड्यात घालण्याजोगं होई. आपल्याकडे वकील, मास्तर, कारकून यांच्या अंगावर असा काळा कोट दिसे. पुढे याच नावाने मोहेरचं (अंगोरा शेळीच्या केसांचं) आणि इतर स्वस्त चकाकणारं कापडही विकलं गेलं, त्यामुळे नुसत्या नावावरून खात्री देता येत नाही. आतल्या शिवणीतून उभा आणि आडवा असे दोन धागे वेगळे काढा आणि प्रश्न ११ प्रमाणे जाळून पाहा. एक कागदासारखा आणि दुसरा केसासारखा जळाला तर मिश्र विण नक्की.

असा कोट घरी धुऊ नका. सुती धागा आणि लोकरीचा धागा पाण्यात वेगवेगळे आकसतात आणि अस्तर सुरकुतते. मऊ ब्रशने धूळ झाडा, सावलीत हवा द्या, घडीच्या ठिकाणी जुना सुती कपडा गुंडाळून घाला म्हणजे घडीवर चिरणार नाही, आणि वर्षातून एकदा घडीची जागा बदला.